सातच्या बसचा बंद

(कुंभारवाडा. संध्याकाळी म्हादूच्या पडवीत. म्हादू उद्याच्या बंदचा फलक रंगवतोय, त्याची मुलगी रक्षा पुस्तक घेऊन शेजारी बसलीय.)

म्हादू : ...आनि त्या काश्मीरवाल्यांच्यात संघटना किती म्हनलीस?

रक्षा : सव्वीस, अप्पा. लहानमोठ्या धरून. त्र्याण्णव साली सगळ्यांनी मिळून हुर्रियत कॉन्फरन्स काढली.

म्हादू : सव्वीस! आमची पाच वाड्यांची बस समिती, तर बैठकीचा च्या कुनाच्या घरी, ह्यातच दोन बैठका गेल्या.

रक्षा : उद्या पेपरात हेच येणार. फुटीरवादी आघाडी, तिची उद्दिष्टं, तिची वाटचाल. दहा मार्कांना. ऐका, मधे बोलू नका.

म्हादू : न्हाई बोलत. मागनी काय त्यांची?

रक्षा : स्वयंनिर्णय. काश्मीरनं कुणाकडं राहायचं ते तिथल्या लोकांनी ठरवायचं. सरकार म्हणतं, काश्मीर भारताचंच, ठरवायचं काही उरलेलं नाही.

म्हादू : आनि लोकांनी काय ठरवायचं, हे त्या सव्विसांत तरी ठरलेलं?

रक्षा : तिथंच तर अडलं. काहींना पाकिस्तानात जायचं, काहींना स्वतंत्र राहायचं. दोन हजार तीनला आघाडी फुटली. एक गट म्हणाला दिल्लीशी बोलून बघू, दुसरा म्हणाला अजिबात नाही.

म्हादू : आमचं बेस हाय मग. आमी फुटलो न्हाई.

रक्षा : फुटायला आधी जुळावं लागतं. तुम्हाला दुसरी बस पाहिजे, समितीतल्या कान्हूमामाला आधी रस्ता पाहिजे. उपाध्यक्ष गुणाकाका तर स्वतःच जीप चालवतात. त्यांना बसच नको.

म्हादू : गुनाचा पाठिंबा तत्त्वाला हाय. बशीला न्हाई. आलाच बघ.

गुणा : म्हादूदादा, झाला फलक? बशीच्या ड्रायव्हरला, त्या महाबळेश्वरला, सांगून आलो. उद्या सातला बस घेऊन नक्की ये म्हनलं, आमाला आडवायची हाय.

रक्षा : अडवायचं आमंत्रण देतात?

गुणा : द्याय लागतं, बाय. मागच्या बंदला बस तिकडं अणशीतच बिघडली. आमी बारापातुर थांब्यावरच्या आंब्याखाली वाट बघत बसलो. बंद फुकट गेला.

रक्षा : काका, त्याच बसनं मला जोयड्याला जायचंय. दहाला पेपर आहे. अप्पांना तीनदा सांगितलं.

म्हादू : अध्यक्षाच्याच पोरीला बशीत बसवलं तर वाड्यावाड्यांत काय तोंड दाखवू?

गुणा : माझ्या जीपनं सोडतो की.

रक्षा : बंदात जीपपण बंद. पत्रकावर तुमचीच सही आहे.

गुणा : व्हय की. लई कडक पत्रक झालं ते.

रक्षा : चालत निघाले तर पेपर सुटायच्या वेळेला पोचेन. वर्ष जाईल माझं.

म्हादू : ...रक्षे, त्या हुर्रियतवाल्यांनीबी बंद केलं व्हतं?

रक्षा : कितीतरी. दोन हजार सोळाला तर महिनोन् महिने. कुठल्या दिवशी बंद, किती वाजता ढील, ह्याचं वेळापत्रक निघायचं.

गुणा : वेळापत्रक! आमच्या बशीला न्हाई तेवढं.

म्हादू : आनि शाळा?

रक्षा : बंद.

म्हादू : पोरं?

रक्षा : घरात.

म्हादू : मिळालं काय शेवटाला?

रक्षा : त्यांतल्या बऱ्याच संघटनांवर आता बंदी आहे. काहींनी तर जाहीर केलं, आमचा हुर्रियतशी संबंध नाही. मागणी आहे तिथंच.

म्हादू : हे सगळं लिवशील उद्या?

रक्षा : पोचले तर.

म्हादू : ...गुना, बंद संध्याकाळी करू.

गुणा : आनि सातची बस गेल्यावर आडवायचं काय?

म्हादू : तीच. सहाला परत येती न्हवं?

गुणा : पन ती आंब्याखाली तशीबी थांबतीच की.

म्हादू : थांबू दे. ही उतरंल, तेवढ्यात आपुन घोषना दिऊ.

गुणा : काय तरीच. बरं, आडवून धरायची किती वेळ?

म्हादू : पेपर कसा गेला, ते ही सांगंपातुर.