सीटची शिवण
हसू नका, पण जुन्या अमेरिकन मसल कारच्या तळहाताएवढ्या मॉडेलमध्ये सीटवर शिवण रेखायला मला चार महिने लागले. ज्या सालची गाडी, त्याच सालची शिवण. भिंग लावून.

जयनगरात आमच्या शेजारी कानडी नारायणअण्णा राहतात. तरुणपणी ते एका मालकांकडे अशीच खरी गाडी चालवायचे, म्हणून त्यांना नेऊन दाखवली. बराच वेळ आत बघून म्हणाले, "सगळं सरी, म्हणजे बरोबर आहे. स्वल्प चुकलंय."

"काय चुकलं?"

"सीटवर टॉवेल कुठंय? काळं रेक्झिन ते, उन्हात चटके बसायचे."

मी जुन्या टॉवेलाचा तुकडा कापून अंथरला. शिवण पार झाकली गेली.

"आता बरोबर," अण्णा म्हणाले. "शिवण मालकांनीसुद्धा कधी बघितली नव्हती."