तुमी जा आधी

माझं माहेर बदलापूर गाव, म्हणजे आता ते स्टेशनजवळ टॉवर दिसतात ना ते नाय, नदीकडचं जुनं गाव, तिथली मी, सुमन. लहानपणी आमच्या घरात संडास नव्हता, तर पहाटे आई, काकी, आत्या, आमी पोरी, सगळ्या टमरेल घेऊन बांधापल्याड जायचो, आणि काय सांगू तुमाला ताई, गावातल्या अर्ध्या बातम्या तिथंच कळायच्या, कुणाकडे बघायला पाहुणे आले, कुणाच्या सुनेनं उलट उत्तर दिलं. हसू नका, तुमीच बोलल्या सगळं सांगा म्हणून सगळं सांगतेय. तेव्हा पोटाचा विचार कधी करावाच लागला नाय. भूक लागली की खायचं, लागलं की जायचं, संपला विषय.

मंग लग्न होऊन विठ्ठलवाडीला चाळीत आले. अख्ख्या मजल्याला दोन संडास, त्यातल्या एकाची कडी तुटकी, आणि सकाळी बादल्यांची ही लाईन. मी नवी सून. माझा नंबर यायचा आणि मागं सासरे उभे, नायतर ड्युटीला निघालेला कुणी, नायतर शाळेचा पोरगा एका पायावर नाचत असायचा, मंग मी आपली बादली बाजूला घ्यायची आणि बोलायची, तुमी जा आधी. रोज. सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, आमची सून लय समजूतदार. आणि माझा नंबर पुन्हा येईपर्यंत पोटातली घाई निघून गेलेली असायची. गेली तर गेली, बरंच झालं, बोलायची मी, पोळ्या लाटायला घ्यायची.

त्यात मी उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला लागले. तिथं एकच संडास, तो पण बाप्यांचा, आत बल्ब नाय. तर आमा बायकांची एक रीतच पडून गेली होती, घरून चहा पिऊन निघायचं आणि पाण्याला हात लावायचा तो घरी आल्यावरच. कुणी शिकवलं नाय, नवीन आलेली बाई आठ दिवसांत आपोआप शिकायची. सेठ दिवाळीला घरी बोलवायचा, सिंधी लोकांत पाहुण्याला पहिला पापड-पाणी देतात, तर आमी सगळ्याजणी पापड कुरुमकुरुम खायचो आणि पाण्याचे ग्लास तसेच ठेवायचो. सेठची म्हातारी आई बोलायची, अरे पानी तो पियो, जहर थोडी है. आमी हसायचो. तिला काय सांगणार.

पुढं मुलगा नोकरीला लागला आणि आमी परत बदलापूरला, कात्रपला फ्लॅट घेतला, लहानच हाय पण घरात स्वतःचा संडास, गुलाबी टाइल्सचा. मी पहिल्या दिवशी तिथं अगरबत्ती लावली होती, खोटं नाय सांगत. वाटलं, आता राणीसारखं जायचं. पण कसलं काय. मी तिथं बसून राहायची आणि पोट ढिम्म. चार चार दिवस काय नाय. आमचे हे बाहेरून ओरडायचे, काय सुमनबाई, अधिवेशन संपलं का चालूच हाय? मी आतून बोलायची, चालू हाय, विरोधी पक्ष ऐकत नाय. शेजारणीनं एरंडेल दिलं, जावेनं मनुका दिल्या, मुलानं कसलंसं महागाचं ज्यूस आणलं. शेवटी एक चूर्ण लागू पडलं, तर तेच सुरू ठेवलं. आधी एक चमचा, मंग दोन, मंग तीन. ते घेतलं की सकाळी तासभर माझी आत-बाहेर, आत-बाहेर, आणि नाय घेतलं की डोकं जड, पोट नगारा.

आता खरी गोष्ट इथून हाय. माझी मुलगी रेश्मा, तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं. आमी कुणबी, जावई प्रशांत जयभीमवाला, पनवेलला राहतात. आमचे हे थोडे दिवस फुगून बसले, मंग पोरगा घरी आला, ह्यांच्याबरोबर बसून कॅरम खेळला, हे हरले आणि खूश झाले. माझ्या मनात तर पहिल्यापासून काय नव्हतं. पण मी पनवेलला गेली की सकाळी जायची आणि संध्याकाळी परत. राहायचं नाव काढायची नाय. त्यांच्या घरी एकच संडास, जावयाला ऑफिस, विहीणबाई, लहान नात, आणि सकाळी तासभर सासूनं तो अडवून बसायचं? मेले असते लाजेनं. म्हणून तिथं पाणी पण पीत नव्हते. ग्लास समोर यायचा, मी बोलायची, राहू द्या, आत्ताच प्यायले. सवयच ती.

पहिलं बाळंतपण आमच्याकडे झालं. दुसऱ्या वेळी नात शाळेत जायला लागलेली, रेश्मा बोलली, आई, ह्यावेळी तूच ये, महिनाभर राहा. मी बोलले, बघू, जमेल तसं. झालं. पोरगी फोनवर रडायलाच लागली. बोलली, आई, तू ह्या घरात एक रात्र राहिली नायस, पाण्याचा घोट घेतला नायस, माझ्या सासूबाई कधी काय बोलत नव्हत्या पण काल बोलल्या, तुझ्या आईला आमच्याकडचं पाणी चालत नाय, जाऊ दे, माणूस म्हणून चांगल्या हायत.

ताई, माझ्या मनात नाय, ध्यानात नाय, आणि त्या बाईनं एवढी वर्षं तो भरलेला ग्लास उचलून मोरीत ओतला असेल, काय वाटलं असेल तिला. मला माझाच राग आला. सांगू तर काय सांगू, की बाई, मला तुमच्या जातीचं काय नाय, मला साफ होत नाय? हे बोलले, मंग सांग ना तसंच. मी बोलले, तुमी सांगा तुमच्या जावयाला तुमच्या मूळव्याधीचं, मंग मी सांगते.

पण गप्प बसून चालणार नव्हतं. मी मुलाला घेऊन पोटाच्या डॉक्टरीण बाईंकडे गेले. तिनं रक्त तपासलं, फोटो काढला, सगळं नीट. मंग तिनं विचारलं, मावशी, पहिल्यापासून सांगा. मी चाळ, बादल्या, कारखाना सगळं सांगितलं. ती बोलली, आपल्या आतड्यांच्या भिंतीत नसांचं एक जाळंच असतं, त्याला स्वतःची अक्कल असते, पुढचं पुढं ढकलायला ते डोक्याला विचारत बसत नाय. सकाळी चहा पोटात गेला की ते खाली सांगावा धाडतं, चला, जागा करा. आता जायचं का थांबायचं, तेवढं मात्र आपल्या हातात. तुमी वर्षानुवर्षं त्याला थांब थांब बोललात, ते बिचारं हाक मारून मारून बारीक आवाजात बोलायला लागलं, आणि वर हे चूर्ण, म्हणजे रोज चाबूक.

मी बोलले, म्हणजे पोट पण माझ्यासारखंच समजूतदार निघालं की. ती खुर्चीवर मागं रेलून हसली.

मंग तिनं सांगितलं तसं केलं. चूर्ण हळूहळू कमी, त्याच्या जागी दुसरी साधी पावडर, भाजी, डाळ, दिवसभर पाणी. सकाळचा चहा झाला की लागो न लागो, जाऊन बसायचं, पायाखाली पाट घ्यायचा, कुंथायचं नाय, दहा मिनिटांत उठायचं. आणि हाक आली की हातातलं काम टाकायचं. हे शेवटचं सगळ्यात कठीण. पोळी तव्यावर, दूधवाला दारात, आणि मी चालले. पहिले दोन महिने नुसती हजेरी. मंग एका सकाळी चहाचा कप ठेवला आणि पोटात असं हळूच कुणी पदर ओढल्यासारखं झालं. किती वर्षांनी. मला रडूच आलं. बाहेर येऊन ह्यांना बोलले, ठराव पास झाला. ह्यांनी चक्क पेढे आणले, आणि शेजाऱ्यांना कशाचे ते सांगितलं नाय, नशीब माझं.

रेश्माचे दिवस भरत आले तशी मी बॅग घेऊन पनवेलला गेले. विहीणबाईंनी रीतीप्रमाणे पाण्याचा ग्लास पुढं केला, पण असा, की घ्याल तर घ्या. मी घटाघटा प्यायले आणि बोलले, अजून एक द्या. त्यांनी आत जाऊन तांब्याच भरून आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला, आणि पदर ओढला गेला. समोर जावई खांद्यावर टॉवेल टाकून संडासाच्या दाराशी, ऑफिसला उशीर झालेला. माझ्या तोंडावर आलं होतं, तुमी जा आधी. जन्मभराची सवय हो. पण मी दाराच्या कडीला हात घातला आणि बोलले, जावईबापू, थांबा जरा, मी जाते आधी.

बाहेर आले तर विहीणबाई ओट्याशी उभ्या. म्हटलं आता सांगायचंच, आणि सगळं सांगितलं, बादल्या, पापड, चूर्ण, न प्यालेले ग्लास, सगळं. त्यांनी डोळ्याला पदर लावला, मला वाटलं रडतायत, तर बाई हसत होत्या. मंग थोड्या रडल्या पण. बोलल्या, आणि मी काय काय समजत बसले. आणि मंग हळूच विचारलं, ती पावडर कुठली हो, मला पण तोच त्रास.

नातू झाला, आता बसायला लागलाय. मी महिन्यातून चार दिवस तिकडेच असते, त्यांच्या फडताळात माझा डबा हाय पावडरचा, त्या पण त्यांच्या डॉक्टरांना विचारून तीच घेतात. कधी बिघडतं, प्रवासात, लग्नाकार्यात, बिघडायचंच, पोट हाय ते. देव तुमचं भलं करो ताई, लिहिता लिहिता हाक आली तर पेन ठेवा आणि उठा, माझी गोष्ट कुठं पळून जात नाय. तिकडे पनवेलला आता रोज सकाळी चहा झाला की विहीणबाई स्वयंपाकघरातून आवाज देतात, प्रशांत, बाजूला हो रे, माझ्या विहिणीला जाऊ दे आधी.