मी तंबाखू खात नाय म्हणाले

माझं माहेर मखमलाबादकडचं, फुलांच्या मळ्यातलं, आणि सासरही माळ्याचंच, म्हणजे झेंडू-शेवंती काही सुटली नाय. लग्न झालं तशी सासूबाईंनी मला गंगेवर, म्हणजे आमच्या नाशकात गोदेच्या घाटावर, शेजारी बसवलं विकायला आणि बसायचं कसं तेही शिकवलं, की पहाटे निघताना पाणी प्यायचं नाय, कारण बाईमाणसानं उठून जायचं कुठं, आणि भूक मारायला मिसरी लावायची. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, बोटानं दातांना लावायची. तेच मी माझ्या सुनेला, सुनंदाला शिकवलं. हे मी कुणाजवळ बोलत नसते, तुम्ही विचारलं म्हणून सांगते.

मग लघवीतून रक्त यायला लागलं. लय दिवस लपवलं. मुलाला कळलं तसं त्यानं दवाखान्यात नेलं, तर लघवीच्या पिशवीत गाठ, कॅन्सरची. दुर्बीण घालून खरवडून काढली. डॉक्टरांनी विचारलं तंबाखू खाता का, मी म्हणाले नाय. आणि खोटं नाय बोलले हो. चुना लावून मळतात, गालात धरतात, ते तंबाखू खाणारे, मी आपली दात घासणारी. घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिसरी लावली.

पुढच्या तपासणीला गाठ परत. तिथं नवी डॉक्टरीणबाई होती, पोरगीच, माझे दात बघून म्हणाली, मावशी, दात कशानं घासता. मिसरीनं म्हणाले. ती म्हणाली, मग तंबाखू नाही कशा म्हणालात. मी म्हणाले, खाते कुठं, लावते. ती हसली नाय. मुलगा खाली बघायला लागला. ती म्हणाली, ह्याच्यामुळंच परत आलं असं मी म्हणणार नाही, पण आजपासून बंद. काय सांगू तुम्हाला, मला गाठीचं नाय, सुनंदाचं आठवलं. ठसकत ठसकत ती माझ्यासाठी भाजायची आणि मग स्वतः लावायची, सासूनं शिकवली म्हणून.

गाठ परत खरवडली, आणि ह्या वेळी औषधही, केमोचंच, पण सलाइनमधून नाय, नळीनं थेट पिशवीत सोडतात, दर आठवड्याला. पहिल्या दिवशी सिस्टर म्हणाली, दोन तास लघवी धरायची, मधून कूस बदलायची, जमेल ना. मी म्हणाले, बाई, मी जन्मभर धरलीय, दोन तासांचं काय घेऊन बसलीस. धरली. पण नंतर सोडताना जी आग होते, दाराची कडी धरून मी त्या गाठीला अशा शिव्या घातल्या, अशा शिव्या घातल्या, की बाहेरून आयाबाई विचारते, ताई, कोण हाय हो आत.

बाजारात कळायचं ते कळलंच. शेजारची हारवाली हळूच म्हणाली, अगं, असल्या जागचं दुखणं आणि देवाची फुलं विकतेस, लोक काय म्हणतील. मी म्हणाले, देवाला नको असेल तर त्यानं मला इथून उठवावं, तुझ्या तोंडी निरोप कशाला. जागा मी सोडली नाय. आता पाण्याची बाटली समोर ठेवते, घटाघटा पिते, आणि लागली की सगळ्यांदेखत उठून जाते.

मिसरी मात्र सुटेना. नुसती चिडचिड. सुनंदाला बघवलं नाय, एका सकाळी तिनं गुपचूप थोडी भाजून आणली, म्हणाली, आई, बोटभर लावा. मी डबी नाकाशी नेली, वास घेतला, खोटं कशाला बोलू. मग म्हणाले, पोरी, तुला हे लावायला मी शिकवलं, माझं चुकलं. ती म्हणाली, तुम्ही टाका, मी पण टाकते. ओतली मोरीत.

आता आम्ही दोघी सकाळी टोपल्यांमागं बसतो, दोघींचं डोकं फिरलेलं, गिऱ्हाईक म्हणतं मावशी, जरा कमी करा, की दोघी एकदम नाय म्हणतो. मंगळवारी परत दुर्बीण घालणार. पुन्हा निघालं तर पिशवीच काढावी लागेल म्हणतात. काढू. कापायचं ते कापा, मी काही आधी रडायची नाय. तुमचं भलं होवो, आणि देवाजवळ मागायचंच तर माझ्यासाठी नको, त्या पोरीसाठी मागा. आज सकाळीही तिनं लावली नाय.