वास्वा-काटोचा शेवट व माईक काढून नेल्याबाबत

जबाब देणार : फुलजेन्स लुबेगा, वय ४७ वर्षे, धंदा व्हीजे, राहणार बुकासा बाजार, मसाका रस्ता.

मी आज रोजी बुकासा चौकीत आपण होऊन हजर राहून हवालदार आपियो बाई यांच्यासमोर सांगतो ते असे की,

वरील ठिकाणी मी माझी पत्नी व सासू यांच्यासह राहण्यास असून मार्केटच्या मागील व्हिडिओ हॉलमध्ये गेली बावीस वर्षे व्हीजेचे काम करतो. हवालदार बाईंनी धंद्याच्या जागी प्रथम 'गाणी लावणे' असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. व्हीजे म्हणजे परक्या भाषेतले चित्र पडद्यावर चालू असताना माईकवर ते आमच्या लुगांडा भाषेत सांगणारा माणूस. मी कोणाच्या हाताखाली शिकलो नाही. इंग्रजी मी जुन्या वर्तमानपत्रांवरून शिकलो, आणि जपानी बोलण्यातला राग व माफी यांतला फरक मला आवाजावरून कळतो. पडद्यावर नाही ते सांगायचे नाही, हा माझा नियम आहे. लग्नाचे चित्र चालू असताना हॉलबाहेरच्या सलूनची जाहिरात सांगणारे व्हीजे या जिल्ह्यात आहेत. त्यांची नावे मला कोणी विचारल्याशिवाय मी सांगणार नाही.

आमच्या हॉलमध्ये सिनेमाबरोबर व्हिडिओ गेमही सांगितला जातो. शेजारच्या सलूनच्या मालकीण हॅरिएट नास्सुना यांचा हात चांगला असल्याने रिमोट त्यांच्याकडे असतो. त्या खेळतात, मी सांगतो, लोक तिकीट काढून बघतात. ज्या गेमवरून हा प्रकार घडला त्याचे खोक्यावरचे नाव लांबलचक आहे, आमच्याकडे त्याला 'दोन भाऊ' म्हणतात. त्याचे एकूण सात भाग असून पहिला भाग लावला तेव्हा नास्सुना बाईंचे लग्न झाले नव्हते.

गेममध्ये हरवलेले सिंहासन परत मिळवायला निघालेले दोन योद्धे आहेत. दोघांचे तोंड एकसारखे. पहिल्याच प्रसंगात एक दुसऱ्याला भाऊ म्हणतो आणि म्हातारी दाई दोघांचा जन्म एकाच रात्रीचा असल्याचे सांगते. म्हणजे जुळे. आमच्याकडे जुळ्यांसाठी नावे शोधावी लागत नाहीत, ती ठरलेलीच असतात. थोरला वास्वा, धाकटा काटो. तेव्हा मी त्यांना वास्वा आणि काटो म्हणालो. यात मी पदरचे काही घातले असे ज्यांचे म्हणणे आहे त्यांनी पहिला भाग पुन्हा बघावा.

हवालदार बाई उत्तरेकडच्या, लीराच्या असल्याने आणखी एक खुलासा करतो. जुळ्यांतला एक गेला तर आम्ही तो मेला असे म्हणत नाही, उडाला म्हणतो. पाचव्या भागात काटो दरीत पडला तेव्हा मीही रीतीप्रमाणे 'काटो उडाला' असेच सांगितले. हॉलमध्ये बायका रडल्या. सहाव्या भागात काटो खरोखरच परत आला. ते गेम बनवणाऱ्यांचे काम होते, पण त्या दिवसापासून बाजारात माझ्या शब्दाला वजन आले, आणि पुढचा घोटाळा त्या वजनानेच झाला असे माझे मत आहे.

मागील रविवारी दुपारी सातव्या भागाची शेवटची बैठक होती. हॉल भरून लोक खिडक्यांना लटकले होते. बोडा-बोडावाल्यांनी आपल्या भाड्याच्या मोटारसायकली रस्त्यात आडव्या लावल्याने मसाक्याची टॅक्सी अडून राहिली, मग तिच्यातले प्रवासीही तिकीट काढून आत आले. पहिल्या बाकावर सालोंगो कायिज्जी बसले होते. जुळ्यांच्या बापाला आमच्याकडे सालोंगो म्हणतात, नुसत्या नावाने हाक मारणे उद्धटपणाचे समजतात. ते 'दोन भाऊ'साठी नेहमी दोन तिकिटे काढतात आणि शेजारची जागा रिकामी ठेवतात. हॉल कितीही भरला तरी तिथे कोणी बसत नाही. त्यांचा वास्वा कंपाल्यात वायरमन आहे. बाकी त्यांच्या घरचा या तक्रारीशी संबंध नसल्याने ते सांगत नाही.

नास्सुना बाईंनी शेवटचा राक्षस उत्तम रीतीने पाडला. वास्वा आणि काटो हातात हात घालून पायऱ्या चढले. सिंहासन एकच होते. हॉलमध्ये कोणी खोकत नव्हते. काटोने वास्वाकडे बघितले, आणि पडदा पांढरा झाला. नंतर बर्फ पडत असलेले एक शहर दिसले. बसथांब्यावर पिवळे बूट घातलेली एक मुलगी झोपली होती. ती जागी झाली, तिने जांभई दिली. बस आली, ती बसमध्ये चढली. त्यापुढे बनवणाऱ्यांची नावे वर सरकू लागली.

पडद्यावर होते तेच मी सांगितले. मी म्हणालो, "एक मुलगी जागी झाली. तिला स्वप्न पडलं होतं. तिची बस आली."

नंतर बोडा-बोडा स्टँडचे चेअरमन बद्रू सेन्तोंगो उभे राहिले.

"मास्तर, कोणाची मुलगी?"

"ते दाखवलेलं नाही."

"सात भागांत ही बया कुठे होती?"

"कुठेच नव्हती."

"मग आमचं सिंहासन हिच्या बापाचं आहे काय? काढा तिला बसमधून!"

नास्सुना बाई म्हणाल्या, "बद्रू, ओरडू नकोस. बटण मी दाबलं. मास्तरांनी नुसतं सांगितलं."

बद्रू म्हणाले, "सांगितलं कसं पण! आमची गाय मेल्यासारखं. जरा बरं सांगता येत नव्हतं?"

मी समजावले की शेवट जपानात बनला आहे, बुकासात नाही. त्यावर मागून कोणीतरी ओरडले, "काटोला दरीतून वर कोणी आणलं? तुम्हीच ना? मग आता काय हात दुखतात?" यावरून लोकांच्या मनात काय होते ते लक्षात यावे. त्यांना वाटत होते की आजवरचे सगळे माझ्या हातातले होते आणि नेमका शेवट मी हातचा राखला.

मला खुर्चीवर परत बसवण्यात आले. मारहाण झाली नाही. एक बाक मोडला, पण तो आधीपासून हलत होता. नास्सुना बाईंना शेवट पुन्हा लावायला सांगून मला 'नीट सांगा' असा हुकूम झाला. मी तेच सांगितले. मग जो तो आपला शेवट घेऊन पुढे आला. बोडावाल्यांना काटो गादीवर हवा होता. भाजीवाल्या बायकांना दोघांची लग्ने हवी होती, तीही एकाच मांडवात. चर्चच्या कमिटीतल्या एका गृहस्थांचे म्हणणे पडले की स्वप्न चालेल, पण ते राक्षसाला पडलेले असावे. टॅक्सीतले प्रवासी फक्त अर्ध्या तासाचे बघणारे, तरी त्यांनीही मत दिले. मी प्रत्येकाला सांगितले की हे पडद्यावर नाही.

त्या गडबडीत सालोंगो उठले. ते माझ्याजवळ आले आणि त्यांनी वाकून विचारले, "मास्तर, मग ते दोघं कुठे आहेत?"

मी म्हणालो, "सालोंगो, ते दाखवलेलं नाही."

त्यांनी माईकची वायर काढली, ती कोपरावर नीट गुंडाळली आणि माईक घेऊन निघून गेले. त्यांना कोणी अडवले नाही. मीही अडवले नाही. माईक माझा स्वतःचा असून त्याच्या बुडाला माझी आद्याक्षरे कोरलेली आहेत.

दुसऱ्या दिवसापासून मला बाजारात कोणी मोटारसायकलवर घेत नाही. पलीकडच्या हॉलच्या व्हीजेने दारावर फळा लावला आहे : 'दोन भाऊ, भाग सातवा. आमच्याकडे शेवट गोड.' मी स्वतः जाऊन पाहिले. तो मुलगी येण्याआधी मशीन बंद करतो आणि त्याच्या मेव्हण्याच्या लग्नाची कॅसेट लावतो. लोक टाळ्या वाजवतात. बुधवारी मार्केट कमिटीची सभा झाली व सातव्या भागाचा शेवट बुकासा बाजाराला मंजूर नाही असा ठराव सर्वांनी हात वर करून केला. हॉल कमिटीचा आहे. येत्या रविवारपर्यंत मी माईकवर 'योग्य शेवट' सांगितला नाही तर हॉल पलीकडच्या व्हीजेला द्यायचा, असेही ठरले. निवडणुकीला उभे राहिलेले एक उमेदवार सभेला आले होते. त्यांनी निवडून आल्यास सरकारतर्फे आठवा भाग आणण्याचे आश्वासन दिले.

माझी सासू म्हणाली, "सांगून टाका की हो जावईबापू. दोन शब्दांनी काय जातं?" मी तिला सांगितले की माझ्याकडे दुसरे काही नाही, तेवढेच दोन शब्द आहेत.

या कारणाने मी आज सकाळी चौकीत माईकबद्दल तक्रार देण्यास आलो. हवालदार बाईंनी विचारले, "गेम म्हणजे खोटाच ना? मग त्याचा शेवट खरा-खोटा कसला?" मी म्हणालो, तसा प्रश्न त्यांनी मार्केटात जाऊन विचारावा. त्या गेल्या, आणि परत आल्यावर त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. त्यांच्यासोबत नास्सुना बाई मशीन व रिमोट घेऊन आल्या. सालोंगो माईक फडक्यात गुंडाळून आपले आपणच चालत आले. बद्रू सेन्तोंगो यांना कोणी बोलावले नव्हते, तरी तेही आले.

हवालदार बाई म्हणाल्या की ज्या शेवटावरून गुन्हा घडला तो पाहिल्याशिवाय त्या कागद पुढे नेणार नाहीत. चौकीतल्या टीव्हीला मशीन जोडले. कोठडीतल्या दोघांना दिसत नव्हते, म्हणून टीव्ही जरा तिरपा केला.

हवालदार बाई मला म्हणाल्या, "सांगा."

माईक सालोंगोंच्या मांडीवर होता, तो मी मागितला नाही. तोंडानेच सांगू लागलो. राक्षस पडला. दोघे पायऱ्या चढले. काटोने वास्वाकडे बघितले. पडदा पांढरा झाला.

मी सालोंगोंकडे बघितले. ते टीव्हीकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. बाकावर त्यांच्या शेजारी जागा होती आणि बद्रू भिंतीला टेकून उभे होते.

मी म्हणालो, "मुलगी थंडीत झोपली होती. थंडीत झोपलेलं माणूस उठत नाही. दोघा भावांनी तिला हाक मारली, म्हणून ती उठली. ती बसमध्ये चढेपर्यंत ते थांबले. मग उडाले."

टीव्हीवर नावे सरकत होती. कोठडीतला एकजण नाक ओढत होता.

हवालदार बाई म्हणाल्या, "मास्तर, हे पडद्यावर कुठे होतं?"

"नव्हतं."

"मग जबाबात काय लिहू?"

मी म्हणालो, "पडद्यावर नव्हते, लुबेगाने सांगितले, असे लिहा." त्यांनी तसे लिहिले. मी ते दोन वेळा वाचून पाहिले.

सालोंगो म्हणाले, "दोघं बरोबरच गेले?"

"बरोबर."

"कोणी मागं नाही राहिलं?"

मी नाही म्हणालो.

"पुन्हा सांग," ते म्हणाले. आजवर ते मला अहो-जाहो करत. नास्सुना बाईंनी शेवट पुन्हा लावला व मी पुन्हा सांगितले. दुसऱ्या वेळी हाक कोणी आधी मारली तेही सांगितले. धाकट्याने.

बद्रू सेन्तोंगो म्हणाले, "हे ठीक आहे, मास्तर. बरं झालं. पण सिंहासनाचं काय? आणि लग्नं? बायका मला विचारतील." यावरून रविवारी हॉलमध्ये काय होणार याची मला पूर्ण कल्पना आली आहे. जो तो आपला शेवट घेऊन येणार, आणि 'पडद्यावर नाही' हे उत्तर आता मला देता येणार नाही.

माईकबद्दल माझी सालोंगो कायिज्जी यांच्याविरुद्ध तक्रार नाही. ते चौकीतून जाताना माईक बरोबर घेऊन गेले आहेत. तो चोरीस गेला असे नोंदवू नये, माझ्या संमतीने त्यांच्याकडे आहे असे नोंदवावे. रविवारी मी विनामाईक सांगणार आहे. मागच्या बाकांना ऐकू जाणार नाही, त्याला माझा इलाज नाही.

वरील मजकूर हवालदार आपियो बाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला व मी चष्मा लावून पुन्हा वाचला. माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला असून मी सुचवलेल्या चार दुरुस्त्या केल्या आहेत. पाचवी, म्हणजे 'उडाले' या शब्दाखाली रेघ मारण्याची, बाईंनी नाकारली. खाली सही करतो.

फुलजेन्स लुबेगा, व्हीजे