लाल खूण कुठं गेली

(गेवराई तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्राचा ओटा. गावची आशा सेविका विमलबाई आणि फोनमधलं ॲप बनवणाऱ्या कंपनीतून आलेली मंजुषा. पलीकडं साखराबाई, नातीला लस टोचायला घेऊन आलेली.)

विमलबाई : शिवकन्याचं नाव नका टाकायला लावू मॅडम. गेलेल्या बाईचं नाव घालून कसली तपासणी?

मंजुषा : तिचं नको ताई, कुणाचंही घाला. खोटी नोंद आहे, नंतर पुसून टाकू.

विमलबाई : दुसऱ्या कुना जित्या बाईचं बी नको. माझंच टाकते.

मंजुषा : बरं. आता तिच्या वेळेला जसं केलं होतं, अगदी तसंच करा. काही गाळू नका.

विमलबाई : सातवा महिना. रक्त साडेसहा. ही बघा, आली लाल खूण. जोखमीची बाई. तवाबी आलती.

मंजुषा : मग?

विमलबाई : मंग दिवाळी झाली, ऊसतोडीची टोळी निघाली. मी म्हनलं, नको जाऊ पोरी. ती म्हनली, ताई, कोयता नवरा-बायकोचा असतो, मी न्हाई गेले तर ह्यांनी कुनासंगं तोडायचं? मंग मी हे ‘स्थलांतर’ दाबलं, कारखान्याचं गाव टाकलं. लाल खुणेच्या बाईचा निरोप तिथल्या नर्सबाईला जातो, असं टरेनिंगात सांगितलं होतं.

मंजुषा : दाबा.

विमलबाई : दाबलं.

मंजुषा : यादी उघडा. तुमचं नाव दिसतंय?

विमलबाई : हाय की. अगं बाई... लाल खूण कुठं गेली?

मंजुषा : पुन्हा करा. पहिल्यापासून.

विमलबाई : परत गेली.

मंजुषा : आता परत नवी नोंद करा, पण गाव तेच ठेवा. नुसता फोन नंबर बदला.

विमलबाई : ऱ्हायली. हाय खूण.

मंजुषा : म्हणजे गाव बदललं की पुसली जाते. खूणच नाही, तर निरोप कुठला जाणार? सापडलं ताई.

विमलबाई : माझ्या हातून चुकलं न्हवतं?

मंजुषा : नाही.

विमलबाई : पाच महिने झाले मॅडम. भाकरी थापताना बी हेच रकाने डोळ्यापुढं येत्यात. वाटायचं, माझंच बोट कुठंतरी चुकीचं पडलं. चौकशीला आलेल्या साहेबांनी बी कागदावर तसंच लिवलं. तिकडं पोरगी बाळंत झाली, रक्त थांबंना, आन कुनाला ठावंच न्हाई की ही बाई जोखमीची हाय.

साखराबाई : विमल, काय म्हनती ती?

विमलबाई : साखरामामी, चूक फोनातली होती. तुमच्या सुनेचा निरोप गेलाच न्हवता.

साखराबाई : आन मी गावभर तुझं नाव घेतलं. दारात उभं केलं न्हाई.

विमलबाई : असू द्या मामी.

मंजुषा : आजी, मी आत्ताच ऑफिसला कळवते. ज्या ज्या बायकांची खूण गेलीय, त्यांना आजच्या आज फोन जातील.

साखराबाई : चालू करायच्या आधी कुनी बघितलं न्हवतं का गं हे?

मंजुषा : बघितलं होतं. मीच. अशाच अडीचशे खोट्या नोंदी घालून तपासलं.

साखराबाई : मंग कावून न्हाई घावलं?

मंजुषा : त्या सगळ्या बायका बाळंत होईपर्यंत गावातच राहिल्या, असं धरलं मी. एकीलाही बाहेर धाडलं नाही.

साखराबाई : तू पुन्याची का?

मंजुषा : नोकरी पुण्यात. मूळ इथलीच, गेवराईजवळची. आईबाप ऊसतोडीला जायचे. माझा जन्म उसाच्या फडावरचा, पाचटाच्या कोपीतला.

साखराबाई : मंग तुला तर ठावं होतं की, बाई.