इनसोपचं नाव

सोलमधल्या आमच्या विद्यापीठानं आपल्या इतिहासाचं प्रदर्शन भरवलं होतं. रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी होती आणि तिच्यासोबत तिच्या मुलाचा वर्गमित्र, आता इथलाच प्राध्यापक.

“दोकसू, आमच्या इनसोपचा फोटो कुठल्या भिंतीवर लावलाय?”

“फोटो नाहीये, आई.”

“अरे, साठ सालच्या मोर्चात गोळी लागली त्याला! मग विद्यापीठानं काढलेल्या पुस्तकात तरी नाव असेल?”

“पुस्तकात फक्त पदवीधर घेतलेत.”

“तिसऱ्या वर्षाला होता रे. जगला असता तर झाला असता पदवीधर.”

“हो, आई.”

“असला नियम केला कोणी?”

“समितीनं.”

“आणि तू काहीच बोलला नाहीस?”

“खाली सही माझीच आहे.”

म्हातारी रांगेतून बाहेर पडली.

“थांबा, गाडीनं घरी सोडतो.”

“नको. बसनं जाईन मी.”