म्याडमचं डिप्रेशन आन माझं

सगळ्यात आदी पद्माक्काचं नाव लिवा, मंग बाकीचं. तशी ती माझी कुणी न्हाय. ती तेलुगू, मी कानडी, आमचं दोघींचं बोलणं मराठीत, तेबी मोडकंतोडकं. शेजारच्या खोलीत विड्या वळत बसती. ती नसती तर आज मी हितं बसून तुमास्नी काय सांगितलंच नसतं, म्हणून तिचं नाव पयलं.

मी महादेवी. गाव दुधनीच्या पुढं, पार कर्नाटकाच्या शिवंला. सातवीत शाळा सुटली, आईला दमा, घरात करणारं दुसरं कोण न्हवतं. मंग आई गेली, आन मला काय झालं काय की, जेवावं वाटंना, न्हावावं वाटंना, भितीकडं त्वांड करून नुसती पडून ऱ्हायची. गावात अशाला काय म्हणत्यात तुमास्नी ठावं हाय की. काकी म्हणली हुच्ची झाली पोरगी. हुच्ची म्हंजे येडी, आमच्या कानडीत. ठरलेलं लगीन मोडलं. भावानं सोलापूरला आणून ह्या खोलीत सोडलं, काम बघ म्हणला, आन परत ये काय म्हणला न्हाय. बगायला गेलं तर यष्टीनं सकाळी निघालं की जेवायच्या आत माणूस घरात, पर ये म्हणणारं नसलं की लई लांब असतंय.

अक्कानंच मला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण म्हणली, डिप्रेशन हाय, गोळ्यांनी बरं व्हतंय. काय सांगू तुमास्नी, मला त्यो शब्द लई बरा वाटला. हुच्ची म्हणलं की अंगाला चिकटतंय, आन ह्यो शब्द कसा धुवून इस्त्री केल्यावाणी. अक्का म्हणली, शब्द कसा का असंना, तू गोळी गीळ अम्मा, आन कुणाला सांगत बसू नको. अम्मा म्हंजे तिच्या तेलुगूत पोरीलाबी म्हणत्यात.

बरी झाले. मंग बारक्या पोरांच्या इंग्लिश शाळंत मावशी म्हणून लागले. डबं उगडून द्यायचं, हात धुवायचं, शी-शू बगायचं. शाळा चालवणाऱ्या म्याडमचा नियम, मावशींनीबी पोरांसंगं इंग्लिशच बोलायचं. शिकले की. टमी पेन, फीवर, व्हॉमिट. पोरगं पोट धरून आलं की मी इचारायची, टमी पेन? ते मान हलवायचं, आन माझी छाती फुगायची.

आन म्याडम तर ह्याच शब्दांत ऱ्हायच्या. च्या गार आला, आय ॲम सो डिप्रेस्ड. टेबलावरची पेनं सरळ लावायच्या, म्हणायच्या मला ओसीडी आहे, आन हसायच्या. कुणाची फी थकली की आज मला अटॅक येणार. पालकांची मीटिंग म्हंजे हेडेक, गाडीवाला म्हंजे मेंटल. बाकीच्या टीचरबी तशाच. कोण लपवत न्हवतं, कुणाचं त्वांड उतरत न्हवतं. मला वाटलं, आमच्या गावात ह्याची लाज असंल, शिकलेल्या लोकांत न्हाय, हितं ह्ये सर्दी-खोकल्यावाणीच. तुमीच सांगा, दुसरं काय वाटावं मला?

गॅदरिंगच्या आदी एक दिवस म्याडम डोकं धरून बसल्या. म्हणल्या, मावशी, डिप्रेशन आलंय गं मला. मला माया आली. म्हणलं म्याडम, भिऊ नका, मलाबी हाय, गोळी घेते मी, लई फरक पडतोय, तुमीबी चालू करा. त्या खुर्चीतनं उठल्या. मंग खांद्यावर हात ठेवला, म्हणल्या, किती धीराची गं तू, हे माझ्यापाशीच राहील. त्या दिवशी घरी येताना मी लई हलकी व्हते बगा. आई गेल्यापास्नं तशी चालले न्हवते.

दोन-चार दिवसांनी गेटवर वॉचमनमामा आडवं झालं. मावशी, तुला आत सोडू नको म्हणलंय. म्याडमनी पालकांच्या ग्रुपवर टाकलंय, एका मावशीला मानसिक आजार निघाला, मुलांच्या सेफ्टीसाठी काढलं म्हणून. जिची वेणी मी रोज घालायची ती पोरगी मला बगून पळत आली, आन तिच्या आईनं तिला दंडाला धरून मागं वडलं. माझ्या हातानं कवा एका पोराला चिमटाबी न्हाय वो घेतला.

अक्का वळती विडी टाकून माझ्यासंगं आली. म्याडम गेटपतूर आल्या. मी म्हणलं, म्याडम, तुमालाबी हाय की, तुमीच म्हणला. त्या म्हणल्या, अगं ती बोलायची पद्धत असते, तुझं खरं आहे, पॅरेंट्स पॅनिक होतात, मी तरी काय करू, आय फील सिक अबाउट इट. अक्कानं मला इचारलं, काय म्हणली ती? मी म्हणलं, त्यास्नी बरं वाटंना झालंय म्हणत्यात. अक्का म्हणली, मंग चल अम्मा, आजारी माणसाला कशाला उबं करायचं.

आता टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालते. बायका टेन्शन म्हणत्यात, बीपी म्हणत्यात, मी गप. गोळी कशाची इचारलं की रगताची म्हणते. शाळंच्या रस्त्यानं जात न्हाय. पोरं वळकून हाक मारतील आन आया दंड वडतील, त्याचं भ्या वाटतंय. म्याडमनी खांद्यावर हात ठिवला नसता तर एवढं लागलं नसतं मला.

अक्काला आता तंबाखूच्या धुरळ्यानं खोकला धरलाय, दवाखान्यात चल म्हणलं की काय बी न्हाय म्हणती. पर एक दिवस तिला नेणार मी. खिडकीवर इचारलं पेशंटची कोण, तर पोरगी म्हणणार. डॉक्टर तिच्या दुखण्याचं जे नाव घेतील, मराठीत न्हायतर इंग्लिशमदी, ते मी ऐकून घेणार, कंची गोळी कवा ते ध्यानात ठिवणार. आन नळावर बायकांनी इचारलं, अक्काला काय झालंय, तर म्हणीन, दमलीया, निजलीया. एवढं तरी तिचं फेडीन मी, कवा ना कवा.